पोकर, कौशल्य आणि अड्ड्याची नाल

एरवी या धाग्यांतून आपण ताम्रपट, बखरी, गडकोट यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय पत्त्यांचा आहे, आणि आज मी केवळ माहिती देणार नाही, मतही मांडणार आहे. धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

प्रश्न असा, की पोकर हा खेळ कायद्याने जुगार मानावा की कौशल्याचा खेळ?

या प्रश्नाकडे मी वळले ते वसतिगृहातील एका मित्रामुळे. तो संख्याशास्त्राचा विद्यार्थी. मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळायचा. 'हा जुगार नाही, कौशल्य आहे, न्यायालयांनीच सांगितले आहे', हे त्याचे पालुपद. त्याचे खेळणे खरोखरच अभ्यासू होते. कोणत्या पत्त्यांवर किती लावले, कोणत्या क्षणी डाव सोडला, समोरच्याने काय केले, सगळे तो तक्त्यात नोंदवून ठेवी. आठ महिन्यांनी परीक्षेचे शुल्क भरायला त्याच्याकडे पैसे उरले नाहीत, तेव्हा आम्ही दोघे तो तक्ता पुढ्यात घेऊन बसलो. समोरच्या खेळाडूंशी त्याचा हिशेब मांडला, तर तो सुमारे १८,००० रुपयांनी पुढे होता. तरीही खिशातून १३,००० रुपये गेले होते. मधले ३१,००० कुठे गेले? खेळ चालवणाऱ्याने ते त्याने जिंकलेल्या डावांतून थोडेथोडे कापून घेतले होते.

पोकरच्या जगात या कपातीला 'रेक' म्हणतात. आपल्याकडे पत्त्यांच्या अड्ड्यावर तिला जुना शब्द आहे: नाल. अड्डेवाला स्वतः पाने हातात घेत नाही, जिंकत नाही, हरत नाही. तो नाल काढतो.

माझे मत आधीच सांगून टाकते. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे आणि कायद्याने तसे स्वच्छ मान्य करावे. मात्र खेळ कौशल्याचा ठरला म्हणून नाल काढणारा जुगाराच्या कायद्यातून सुटता कामा नये. गेली काही दशके आपली न्यायालये आणि विधिमंडळे पहिल्या प्रश्नावर इतकी झुंजली, की दुसरा प्रश्न बाजूला पडला. आणि हा दुसरा प्रश्नच आपल्या विधिपरंपरेत अधिक जुना आहे.

आता 'कौशल्याचा खेळ' ही संकल्पना कायद्यात आली कुठून, ते पाहू. तिचा जन्म पत्त्यांच्या टेबलावर झालेला नाही. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५४१मध्ये एक कायदा केला. प्रजेने धनुर्विद्येचा सराव सोडून बोलिंग, टेनिस, पत्ते यांत वेळ दवडू नये, हा त्यामागचा हेतू होता. राजाला तिरंदाज हवे होते. पुढे तिरंदाजीचे दिवस सरले, तोफा-बंदुका आल्या, पण कायदा मात्र तसाच राहिला. तीन शतकांनंतर, १८४५च्या 'गेमिंग अ‍ॅक्ट'ने त्याचा काही भाग रद्द केला आणि 'निव्वळ कौशल्याचे' खेळ निषिद्ध यादीतून बाहेर काढले. उदाहरणे दिली होती बोलिंग, टेनिस वगैरेंची. म्हणजे ज्या शब्दप्रयोगावर आज भारतात कोट्यवधी रुपयांचे खटले लढवले जातात, तो मुळात टेनिस खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये एवढ्यासाठी योजलेला होता.

तोच शब्दप्रयोग समुद्र ओलांडून इकडे आला. १८६७च्या सार्वजनिक जुगार कायद्यात आला, आणि हा कायदा मध्य प्रांतालाही, अर्थात नागपूरच्या मुलखालाही, लागू होता. मुंबई इलाख्याच्या १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही तो आला. महाराष्ट्रात हा १८८७चा कायदा दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. त्याचे कलम १३ म्हणते की, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही.

परंतु या दोन्ही कायद्यांचा गाभा ते कलम नव्हे. गाभा आहे 'जुगारघर' या व्याख्येत. घर, तंबू किंवा बंदिस्त जागा. तिथे पत्ते, फासे किंवा जुगाराची इतर साधने. आणि या साधनांच्या वापराबद्दल किंवा जागेबद्दल आकार घेऊन, अथवा अन्य रीतीने, जागेच्या मालकाला वा चालकाला होणारा नफा. खेळ कोणता, यापेक्षा घर कोणाचे आणि त्यातून कमाई कोणाची, हे पाहण्याकडे कायद्याचा रोख होता. कलम १३ ही त्या इमारतीची खिडकी. आपण नंतर खिडकीलाच इमारत समजू लागलो.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा खटला मुंबई राज्याचाच. 'आर.एम.डी.सी.' या नावाने शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धा चालत; बंगळूरहून निघणाऱ्या वृत्तपत्रातून त्या मुंबई राज्यात पोहोचत आणि इथले लोक प्रवेशशुल्क भरून कोडी पाठवत. मुंबई राज्याने त्यावर कर लावला, बंधने घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला: जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे घटनेने दिलेले व्यापाराचे स्वातंत्र्य त्याला मिळत नाही. त्याच दिवशीच्या सहनिकालात दुसरा धागा पक्का झाला, की यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल तर ती स्पर्धा जुगार नव्हे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने दासांचा निकाल मुद्दाम वाचावा. त्यात ऋग्वेदातील जुगाऱ्याचे सूक्त येते, महाभारत येते, मनू येतो, याज्ञवल्क्य येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मशास्त्राचा हवाला देऊन आधुनिक करकायदा उचलून धरावा, हे दृश्य विलक्षण आहे. मात्र तो हवाला एकारलेला आहे, असे मला वाटते. त्याकडे पुढे येते.

१९६७मध्ये रमीचा खटला आला. सिकंदराबादेतील एका क्लबवर पोलिसांनी छापा घातला होता. सभासद पैसे लावून रमी खेळत आणि क्लब बसण्याचे शुल्क घेई. न्या. हिदायतुल्ला यांनी ठरवले की रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे: पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवावे आणि कोणते टाकावे याचा विचार लागतो. पाने पिसण्यात दैव आहे, पण तसे ते ब्रिजमध्येही आहे. जाता जाता त्यांनी तीन पत्ती, म्हणजे फ्लश, हा निव्वळ दैवाचा खेळ असल्याचे म्हटले. त्यावर त्यांनी सविस्तर विवेचन केले नाही, कारण समोर तो प्रश्नच नव्हता. हे ओझरते वाक्य पुढे पोकरच्या मानगुटीवर बसले.

याच निकालात आणखी एक मुद्दा आहे, आणि माझ्या मते तोच निकालाचा कणा आहे. जागेचा मालक किंवा चालक रमीच्या, अथवा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या कोणत्याही खेळाच्या, जोरावर नफा कमावत असल्याचे सिद्ध झाले, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो, असे न्यायालयाने नमूद केले. त्या क्लबचे शुल्क त्या सदरात बसत नाही, म्हणून सुटका झाली. म्हणजे न्यायालयाने दोन कसोट्या लावल्या होत्या: खेळ कसला, आणि घराला काय मिळते. पुढच्या अर्धशतकात रमीचे आणि पोकरचे मोठमोठे उद्योग उभे राहिले, ते पहिल्या कसोटीचा फलक मिरवत. दुसरीचा उच्चार क्वचितच झाला.

उच्च न्यायालयांची मते मग फाटत गेली. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये पोकरला जुगार ठरवले. हा तीन पत्तीचाच प्रकार, असा युक्तिवाद त्यात आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये पैसे लावलेल्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवरील राज्याची बंदी रद्द केली. मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये रमी आणि पोकर यांना तामिळनाडूच्या बंदीतून वगळले. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्यात तर पोकरचे नाव घेऊनच त्याला जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवलेले आहे. एकच खेळ, एकच गड्डी. कोलकात्यात खेळ, अहमदाबादेत गुन्हा.

मग पोकरमध्ये कौशल्य खरोखर आहे का? माझे उत्तर: आहे, आणि भरपूर आहे. आज सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या 'टेक्सास होल्डेम' प्रकारात प्रत्येकाला दोन पाने गुप्त मिळतात, पाच पाने टेबलावर सर्वांसाठी उघडी पडतात आणि बोली चार फेऱ्यांत लागते. बावन्न पत्त्यांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे संच होतात. त्यातला कोणता आपल्या वाट्याला येईल हे दैवाधीन. पण किती लावायचे, केव्हा सोडायचे, हात हलका असूनही भारी असल्याचा आव केव्हा आणायचा, हे दैवाधीन नाही. कित्येक डाव पाने उघडी न करताच संपतात, कारण बाकीचे माघार घेतात. तिथे पानांनी काहीच ठरवलेले नसते. गुजरातचा निकाल आला त्याच २०१७च्या जानेवारीत अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रॅटस' या संगणक-आज्ञावलीने चार निष्णात व्यावसायिकांना १,२०,००० डावांत निर्विवाद हरवले. निव्वळ दैवाच्या खेळात कोणतेही यंत्र असे सातत्याने जिंकू शकत नाही. नाणे उडवण्यात कोणी विश्वविजेता झालेला नाही.

एका डावात दैव मोठे आणि हजार डावांत कौशल्य मोठे, असे फार तर म्हणता येईल. पण ही गोष्ट क्रिकेटच्या नाणेफेकीपासून वकिलीच्या धंद्यापर्यंत सगळीकडेच खरी आहे.

इथवर खेळाच्या बाजूने बोलले. आता उलट बाजू, कारण कौशल्य म्हणजे निरुपद्रवी हे समीकरण मला मान्य नाही. आणि ते न मानण्याचे कारण हस्तिनापुरातच सापडते.

द्यूतसभेतला खेळ जुगार होता की कौशल्याचा? युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे पण खेळता येत नाही, हे शकुनी स्वतः दुर्योधनाला सांगतो, आणि आपल्यासारखा अक्षविद्येतील जाणकार दुसरा नाही असा त्याचा दावा आहे. शकुनीच्या बाजूने तो खेळ पुरेपूर कौशल्याचा होता. युधिष्ठिराचे राज्य दैवाने गेले नाही; समोरच्याच्या कौशल्याने गेले. लॉटरीत अडाणी आणि हुशार यांना एकसारखी संधी असते. कौशल्याच्या खेळात नवख्याचे हरणे जवळजवळ ठरलेले असते. 'आमचा खेळ कौशल्याचा आहे, म्हणून सुरक्षित' असे जेव्हा जाहिरात सांगते, तेव्हा नवख्याने वस्तुतः उलटा अर्थ घ्यायला हवा.

पुढे वनपर्वात नळाची कथा येते, आणि तिच्यातला एक प्रसंग विद्यार्थ्यांनी फारसा लक्षात घेतलेला नसतो. राज्य द्यूतात हरलेला नळ वेष पालटून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे रथातून विदर्भाकडे, कुंडिनपुराकडे निघालेले असतात. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती, ते सांगून टाकतो. नळाला पटत नाही. तो रथ थांबवून मोजून पाहतो आणि आकडा बरोबर निघतो. मग राजा त्याला 'अक्षहृदय' शिकवतो आणि बदल्यात अश्वविद्या घेतो. झाड बेहड्याचेच का? कारण प्राचीन द्यूतातले अक्ष म्हणजे बेहड्याची फळे. अभ्यासकांच्या मांडणीनुसार ढिगातून फळे उचलून त्यांची संख्या चाराने भागली जाते का हे पाहात. नि:शेष भाग गेला तर 'कृत', एक उरला तर 'कलि'. अशा खेळात झटपट मोजणारी नजर हेच भांडवल. दैव वाटणाऱ्या खेळाच्या पोटात गणित दडलेले आहे, ही जाण त्या कथाकाराला होती. ती विद्या मिळाल्यावर नळ राज्य परत जिंकतो. आणि ही कथा ऐकवल्यावर बृहदश्व ऋषी युधिष्ठिरालाही अक्षहृदय देतो. पुढे विराटाच्या दरबारी कंक नावाने द्यूतपटू म्हणून राहणारा युधिष्ठिर आपल्याला ठाऊकच आहे.

म्हणजे कौशल्य-दैव हा भेद प्राचीनांना कळत होता. तरीही कायदा लिहिताना त्यांनी त्यावर भर दिला नाही. त्यांनी घराकडे पाहिले.

मनूने द्यूत आणि समाह्वय, म्हणजे प्राण्यांच्या झुंजींवरील पैजा, दोन्ही उघड चोरीच मानले आणि राजाने ती राज्यातून हद्दपार करावीत असे सांगितले. कौटिल्याची वाट निराळी. अर्थशास्त्रात 'द्यूताध्यक्ष' नावाचा अधिकारी आहे. द्यूत एकाच ठरावीक जागी चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड. जिंकलेल्या रकमेतून अध्यक्षाने शेकडा पाच घ्यावेत. शिवाय कवड्या-फाशांचे भाडे, पाणी आणि जागेचा आकार. खोटे फासे वापरणाऱ्यास वेगळी शिक्षा. समाह्वयालाही हाच नियम, मात्र विद्या आणि शिल्प यांतील चढाओढी त्यातून वगळलेल्या. कौशल्याच्या स्पर्धेला दिलेली सवलत इतकी जुनी आहे. १८४५च्या इंग्लंडची वाट पाहण्याचे कारण नव्हते. पण सवलत विद्येच्या चढाओढीला होती. तिच्या नावाने अड्डा चालवायला ती नव्हती.

याज्ञवल्क्यस्मृतीत अड्ड्याच्या चालकाला 'सभिक' म्हणतात. मोठी रक्कम, शंभर वा अधिक, जिंकणाऱ्याकडून त्याने शेकडा पाच घ्यावेत, बाकीच्यांकडून दहा. लहान खेळाडूकडून जास्त नाल कापण्याची रीत, पाहा, किती पुरातन! पण सभिकावर जबाबदाऱ्याही आहेत: राजाचा ठरलेला भाग भरायचा, हरलेल्याकडून वसूल करून जिंकणाऱ्याच्या हाती द्यायचे, खरे बोलायचे. राजाचा भाग भरून उघडपणे चाललेल्या द्यूतातील येणे राजा मिळवून देई, चोरून चाललेल्यातील नाही. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली ती आपल्या दख्खनेत, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात. पुढे हिंदू विधीचा मोठा भाग तिच्यावर उभा राहिला. न्या. दासांनी याज्ञवल्क्याचा उल्लेख केला खरा, पण निकालाचा सूर मनूचाच राहिला. मी 'एकारलेला' म्हटले ते यासाठी.

देवलांच्या नाट्यरूपामुळे 'मृच्छकटिक' मराठी माणसाला परके नाही. मूळ नाटकाचा दुसरा अंक आठवा. दहा सुवर्णमुद्रा हरलेला संवाहक उलट्या पावलांनी ओस देवळात शिरतो आणि रिकाम्या चौथऱ्यावर मूर्ती होऊन उभा राहतो. त्याच्या मागावर कोण आहे? त्या अंकातली सारी भीती माथुर नावाच्या सभिकाभोवती आहे. शूद्रकाला नेमके ठाऊक होते, की अड्ड्यावरचा कायमचा माणूस कोणता.

आता एक उडी न्यूयॉर्ककडे, कारण तिथला खटला हाच पेच आरशासारखा दाखवतो. स्टेटन आयलंडवरील एका गुदामात आठवड्यातून दोनदा पोकरचे डाव चालत आणि चालक प्रत्येक डावातून पाच टक्के काढी. (कौटिल्याचे शेकडा पाच! योगायोग आहे, पण मला त्याने बराच वेळ झोपू दिले नाही.) २०१२मध्ये न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी शेकडो परिच्छेदांतून, आकडेवारी तपासून, पोकरमध्ये कौशल्य वरचढ असल्याचे ठरवले आणि दोषसिद्धी रद्द केली. पुढच्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पोकर कौशल्याचा नाही, असे मात्र ते म्हणाले नाही. त्या प्रश्नात शिरण्याची गरजच नाही, असे त्याचे म्हणणे होते. राज्याच्या कायद्याविरुद्ध जुगाराचा धंदा चालवला जात होता का, एवढेच त्या केंद्रीय कायद्याला विचारायचे होते.

नालेचे गणित एकदा कागदावर मांडून पाहा. समजा, सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर ६,००० आहेत. ऑनलाइन खेळात तासाला ६० डाव होतात असे धरू, आणि सरासरी डाव २०० रुपयांचा. पाच टक्के म्हणजे डावाला १० रुपये, तासाला ६००. दहा तासांत टेबलावरचे सगळे ६,००० घराकडे गेले. सहाही खेळाडू सारखेच कुशल असतील, तर सहाही भिकेला लागतात. माझ्या मित्राचा तक्ता हेच सांगत होता. तो समोरच्यांपेक्षा सरस होता. नालेपेक्षा सरस नव्हता. त्याच्या कौशल्याचा दाखला न्यायालयात घराने वापरला, आणि त्याच्या कौशल्याची कमाईही घरानेच नेली.

सरकार या सगळ्यात कुठे होते? ऑक्टोबर २०२३पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. सभिकावर सभिक बसला, एवढेच. मग ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने एकदम दुसरे टोक गाठले. नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत, दैवाचे असोत वा दोन्हींचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या.

या कायद्यातील एक गोष्ट मला पटते. शिक्षेचा रोख खेळाडूकडून चालकाकडे वळवला, हे योग्यच आहे. पण सगळ्याच घरांना एका झटक्यात टाळे ठोकणे ही मनूची वाट झाली, आणि त्या वाटेचा अनुभव मुंबईला चांगला आहे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर पैजा लावण्यातून निघालेला मटका कायद्याने कधीच वैध नव्हता. तरी १९६०च्या दशकापासून तो चाळीचाळींतून फोफावला. बंदीने सभिक नाहीसा होत नाही, त्याच्यावरच्या जबाबदाऱ्या तेवढ्या नाहीशा होतात. शेजारच्या गोव्यात विधिमंडळाने १९७६च्या आपल्या कायद्यात १९९२मध्ये दुरुस्ती केली आणि पुढे मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. तिथे कौशल्य की दैव हा प्रश्न कोणी विचारतच नाही, परवाना कोणाचा आणि शुल्क किती एवढेच विचारतात. त्या बोटींनी पणजीचे भले केले असे मी मुळीच म्हणणार नाही. महाराष्ट्रानेही १९७६मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अमलात आणलाच नाही, आणि २०२३मध्ये रद्द करायला घेतला. सत्तेचाळीस वर्षे एक कायदा नुसता फायलीत निजून राहावा, हे आपल्या द्विधा मनाला शोभूनच दिसते.

नवा कायदा ऑनलाइनपुरता आहे. क्लबमधल्या, फार्महाऊसवरच्या, दिवाळीच्या पाडव्याला घरात मांडल्या जाणाऱ्या पत्त्यांचा निवाडा आजही १८८७चाच कायदा करतो. त्यामुळे महाराष्ट्रापुरती माझी मागणी साधी आहे. कलम १३मध्ये पोकर, रमी, ब्रिज यांची नावे घालावीत, म्हणजे घरी मित्रांत खेळणाऱ्याच्या दारात पोलीस उभा राहणार नाही आणि प्रत्येक खटल्यात पत्त्यांचे गणित नव्याने शिकवावे लागणार नाही. त्याच कलमात पुढे लिहावे, की डावाच्या रकमेतून टक्केवारीने वाटा काढणाऱ्या चालकाला ही सवलत मिळणार नाही, खेळ कितीही कौशल्याचा असो. स्पर्धा घ्यायची तर प्रवेशशुल्क आधी जाहीर करावे, त्यातला आयोजकाचा भाग ठरीव असावा, आणि खेळ लांबला म्हणून तो वाढू नये. क्लबने बसण्याचे माफक शुल्क घ्यावे. १९६७च्या निकालाने तेवढी मोकळीक दिलेलीच आहे. टक्केवारीची नाल काढायचीच असेल, तर तो जुगारघराचा धंदा आहे असे उघड म्हणावे आणि परवाना द्यायचा की नाही हे विधिमंडळाने मतदारांसमोर ठरवावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: नाल नसली तरी माणूस शेजाऱ्याकडून घरदार हरू शकतो. हो, हरू शकतो. युधिष्ठिराच्या सभेत नाल कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. पण शेजाऱ्याला तुम्ही रोज रात्री दोन वाजेपर्यंत खेळत राहावे अशी गरज नसते. त्याचा खेळ कधीतरी संपतो. ज्याचे उत्पन्न डावांच्या संख्येवर ठरते, त्याला खेळ संपणेच परवडत नाही. मित्राच्या फोनवर मध्यरात्री 'परत या, बोनस वाट पाहतो आहे' असे संदेश येत, ते काही समोरच्या खेळाडूंनी पाठवलेले नव्हते.

त्याचे शुल्क शेवटी आम्ही चौघांनी मिळून भरले. त्याने ते दोन सत्रांत फेडले. तक्ता अजून त्याच्याकडे आहे. हल्ली तो काडेपेटीतल्या काड्या लावून आमच्याशी खेळतो आणि आम्हाला नियमाने हरवतो.

पुढचा धागा सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेवर: दहा रंग, एकशे वीस गोल पाने, आणि उतारी लक्षात ठेवता ठेवता होणारी दमछाक. कोणाच्या घरी जुना संच असेल, तर पानांची मोजणी करून ठेवावी.